बुजरं पिल्लू घरी आणताना: एक खोली, एक खोका आणि लांब दांड्याचा चमचा

सोसायटीच्या पार्किंगमधून उचलून आणलेलं मांजराचं दोन महिन्यांचं पिल्लू हॉलमध्ये सोडलं की पहिल्याच मिनिटात ते फ्रिजच्या मागे जातं, सोफ्याच्या तळाचं कापड फाडून आत शिरतं, नाहीतर किचन ट्रॉलीखालच्या फटीत गडप होतं. मग घरातले सगळे फरशीवर पालथे पडतात. कोणी टॉर्च मारतं, कोणी झाडूने ढोसतं, कोणी दुधाची वाटी पुढे सरकवतं. शेवटी कोणीतरी हात घालून मानगूट धरतं आणि बाहेर ओढतं. पिल्लू फिस्कारतं, चावतं, आणि ‘हे जंगलीच निघालं’ असा निकाल लागतो. त्या मिनिटात पिल्लू मात्र एक गोष्ट पक्की शिकलेलं असतं: लपलं तरी ही माणसं ओढून काढतात. ती विसरायला पुढे आठवडेच्या आठवडे लागतात.

मांजर आपली पिलं सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. आकडा सोडा, पण धोका वाटला की आई पिलांची जागा बदलते हे खरंच आहे. ती नसताना पिलांनी काय करायचं असतं? अंधाऱ्या कोपऱ्यात अंग चोरून गप्प पडून राहायचं. तुमच्या फ्रिजमागे बसलेलं पिल्लू नेमकं तेच करतंय. म्हणून लपणं मोडून काढायच्या भानगडीत पडू नये. उलट आपणच त्याला लपायला चांगली, सुरक्षित, आपल्या हाताशी असलेली जागा द्यायची आणि तिथून बाहेर येण्याचा निर्णय त्याच्यावर सोडायचा. पळायला वाट आहे हे कळलेलं पिल्लू लवकर पुढे येतं. वाट अडवलेलं पिल्लू एक तर हल्ला करतं, नाहीतर थिजून जातं.

आधी वयाचा अंदाज घ्या, कारण किती धीर धरावा लागणार हे त्यावर ठरतं. माणसाची सवय लागण्याचा सगळ्यात सोपा काळ साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला. या काळात रोज माणसाचा हात लागलेलं पिल्लू सहसा बुजत नाही. दहा-बारा आठवड्यांपर्यंत ज्याने माणूस फक्त लांबूनच पाहिलाय, त्याला दोन-तीन आठवडे तरी द्यावे लागतात. चार महिने उलटून गेले असतील तर महिने लागू शकतात, आणि काही मांजरं आयुष्यभर घरातल्या एकाच माणसाची होऊन राहतात. वजनावरून ढोबळ अंदाज येतो: वयाच्या दर आठवड्याला साधारण १०० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर टोपली ठेवून मोजता येतं. रस्त्यावरची पिल्लं मात्र बहुतेक वेळा वयाच्या मानाने हलकी असतात, त्यामुळे ७०० ग्रॅमचं पिल्लू नऊ आठवड्यांचंही असू शकतं. डोळ्यांचा निळा रंग जाऊन हिरवट-पिवळा यायला लागला असेल तर ते सहा-सात आठवड्यांच्या पुढे गेलंय.

आता खोली. पूर्ण घर पहिल्या दिवशी द्यायचं नाही. एकच छोटी खोली, दार लागणारी, घरातली त्यातल्या त्यात शांत. बाथरूम बऱ्याच जणांना सोयीचं वाटतं, पण आपल्याकडची बाथरूम ओली असते, फरशी गार असते आणि बादली आपटल्याचा आवाज घुमतो. मुलांची अभ्यासाची खोली किंवा आतली बेडरूम बरी. पिल्लू आणायच्या आधी त्या खोलीत जमिनीवर झोपून एकदा चौफेर बघा. कपाट आणि भिंत यांच्यातली फट, स्टोरेजच्या पलंगाच्या मागची जागा, एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक. डोकं जिथे मावतं तिथे पिल्लाचं सगळं अंग जातं. फटी जुन्या चादरींच्या गुंडाळ्यांनी किंवा पुठ्ठा आणि चिकटपट्टीने घट्ट बुजवा. हायड्रॉलिकचा पलंग असेल तर तो उघडण्या-बंद करण्याआधी पिल्लू कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायचं, दर वेळी. खिडकीच्या लोखंडी ग्रिलमधून पिल्लू आरामात बाहेर जातं, म्हणून आतून बारीक जाळी हवीच. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी दातांनी कुरतडली जाते. तिच्यावर भिस्त ठेवू नका. कपाटावर चढू शकणारं पिल्लू आणि फिरता सीलिंग फॅन यांची गाठ पडणार नाही याकडेही लक्ष द्या.

खोलीत मुख्य गोष्ट म्हणजे खोका. मिक्सर ज्यात येतो तेवढ्या आकाराचा पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, समोर १२-१५ सेंटीमीटरचं तोंड कापा आणि बाजूला दुसरं. दोन तोंडं का? एकाच तोंडाच्या खोक्यात कोणी समोर आलं की पिल्लू कोंडलं जातं. आत जुनी सुती साडी किंवा गोधडीचा तुकडा घाला, आणि पहिले आठ-दहा दिवस तो धुऊ नका, त्याला लागलेला स्वतःचा वास हाच पिल्लाचा आधार असतो. अशा खोक्याचा उपयोग तपासलेलाही आहे. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना लपायला खोका दिला होता त्यांचा ताण बाकीच्यांपेक्षा लवकर उतरला.

खोका एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या बाजूला, आणि शी-शूचा ट्रे या दोन्हींपासून शक्य तितका लांब. ट्रेची कड पाच-सहा सेंटीमीटरपेक्षा उंच नको. बाहेरून आलेल्या पिल्लाला मातीची सवय असते, म्हणून पहिले काही दिवस बारीक वाळू घातलीत तर त्याला लगेच उमगतं. पुढे त्यात रोज थोडं थोडं लिटर, म्हणजे ट्रेमध्ये घालायची विकतची भुकटी, मिसळत जा. ओलं झालं की गोळा होणारं बेंटोनाइट लिटर अगदी लहान पिल्लाला देऊ नये, ती खाऊन बघतात आणि ते पोटात फुगतं. ट्रे वॉशिंग मशीनशेजारी ठेवण्याची चूक फार घरांत होते. पिल्लू आत बसलेलं असताना मशीन फिरायला लागलं की संपलं, त्यानंतर ते पलंगाखाली जायला लागतं आणि आपण म्हणतो याला शिस्त नाही. आणखी एक बारीक गोष्ट: स्टीलची वाटी फरशीवर सरकली की जो कर्र आवाज होतो त्याने बुजरं पिल्लू ताटावरून उठून पळतं. चिनी मातीची बशी वापरा किंवा वाटीखाली रबराचा तुकडा ठेवा.

पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका. रस्त्यावरचं आहे, घाण आहे, पिसवा आहेत, सगळं मान्य. पण घाबरलेल्या ७०० ग्रॅमच्या जिवाला पाण्यात धरणं म्हणजे त्याला थंडी भरवणं आणि तुमच्या हातांची कायमची धास्ती बसवणं. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, तेही त्याने धरू दिलं तर. पिसवांसाठी डॉक्टरांनी वजन पाहून दिलेलं औषधच वापरा. कुत्र्यांसाठीच्या बऱ्याच पिसवांच्या औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

फरशी पुसण्याचंही तसंच. फिनाईल आणि पाण्यात दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं यांतली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पिल्लू ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि विष पोटात. त्या खोलीत साधा साबण आणि गरम पाणी पुरतं. कपाटातल्या डांबरगोळ्या, निलगिरीचं तेल, घरात सहज सापडणारी पॅरासिटामॉलची गोळी, फुलदाणीतली लिली, हे सगळं त्याच्या वाटेतून दूर. पॅरासिटामॉल तर मांजराला अर्धी गोळीही देऊ नये, ताप आला असला तरी. कामाला येणाऱ्या मावशींना हे आधीच नीट समजावून सांगा: त्या खोलीत फिनाईल नको, दार उघडं नको, खोक्याखालून झाडू नको. सुरुवातीचे दिवस ती खोली आपणच झाडलेली बरी, कारण खराट्याचाच काय, साध्या झाडूचा आवाजसुद्धा पिल्लाला अंगावर आल्यासारखा वाटतो.

खाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण विश्वास बसतो तो याच वाटेने. दूध नको. गाईम्हशीच्या दुधातली साखर बहुतेक पिलांना पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा जिवाचं अंगातलं पाणी एका दिवसात आटतं. दूध-पोळी, दूध-भातावर मांजर वाढतं हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, ते मांस-मासळीतूनच मिळतं, आणि कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. शाकाहारी घराला पिल्लू आणायच्या आधीच याचा विचार करावा लागेल. आठ-नऊ आठवड्यांच्या, ८०० ग्रॅमच्या आसपास वजनाच्या पिल्लाला दिवसाला ३५ ते ४० ग्रॅम कोरडं किटन फूड लागतं, चार वेळांत विभागून. ओलं खाद्य देणार असाल तर कोरडं त्या प्रमाणात कमी करा. बिनमिठाचं, कांदा-लसूण न लागलेलं उकडलेलं चिकन आमिष म्हणून उत्तम आहे, पण रोजचं पूर्ण जेवण म्हणून नाही. ओलं खाद्य फ्रिजमधून थेट देऊ नका. कोमट केलं की वास सुटतो, आणि सर्दीने नाक चोंदलेलं पिल्लू वास आल्याशिवाय तोंड लावत नाही.

पद्धत अशी. थोडं कोरडं खाद्य खोक्याजवळ कायम असू द्या, रात्री तर नक्कीच. उपाशी ठेवून माणसाळवायचा प्रयत्न कोणी सुचवला तर ऐकू नका. लहान पिल्लाची रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पण जे त्याला सगळ्यात जास्त आवडतं, म्हणजे कोमट ओलं खाद्य किंवा चिकनची पेस्ट, ते फक्त तुम्ही खोलीत असतानाच मिळेल. पहिल्या दिवशी बशी ठेवा आणि दाराशी जाऊन जमिनीवर बसा, पाठ किंवा कूस त्याच्याकडे करून. तोंड समोर करून टक लावून बघणारा मोठा प्राणी म्हणजे त्याच्या लेखी शिकारीच. मोबाइलवर काहीतरी हळू आवाजात वाचा, पुटपुटा, आवाज कानावर पडू द्या. ते तुमच्यासमोर खायला लागलं की पुढच्या वेळी एक हात जवळ बसायचं. मग बशी तुमच्या पावलाशी. मग लांब दांड्याच्या लाकडी चमच्याच्या टोकाला पेस्ट लावून पुढे करायची. चमचा हळूहळू आखूड धरत आणायचा, शेवटी पेस्ट तुमच्या बोटावर. ते चाटता चाटता दुसऱ्या हाताच्या एका बोटाने गालाला स्पर्श करा. गाल, हनुवटी, कानामागे, एवढंच. पाठीवरून हात फिरवणं, पोटाला हात लावणं खूप पुढचं. दोन-तीन सेकंद कुरवाळून हात काढून घ्या आणि थांबा. ते डोकं पुढे करून मागायला आलं तर पुन्हा. नाही आलं तर आजच्यापुरतं बस.

कुठल्याही पायरीवर त्याने खाणं थांबवलं, कान पाडले, किंवा अंग मागे खेचलं तर तुम्ही घाई केलीत एवढाच त्याचा अर्थ. एक पायरी मागे जा. तिथे दोन जेवणं काढा. एकेका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, दिवसातून तीन-चार वेळा. एकदाच तासभर बसण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

डोळ्यांनीही बोलता येतं. नजरानजर झाली की डोळे अर्धवट मिटा, हळूच पूर्ण मिटा, पुन्हा हळूच उघडा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं की माणसाने असं केल्यावर मांजरंही डोळे बारीक करून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताकडे जायला जास्त तयार होतात. बुजऱ्या पिल्लाजवळ जायचा हा सगळ्यात कमी जोखमीचा मार्ग आहे, आणि घरातल्या लहान मुलांनाही तो पटकन जमतो.

‘सगळ्यांच्यात ठेवा, आपोआप सवय होईल’ हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. तो घातक आहे. मांडीवरून मांडीवर फिरवलेलं पिल्लू बऱ्याचदा शांत पडून राहतं, आणि बघणारे म्हणतात, बघा, रमलं. नीट बघा. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या काळ्याभोर झाल्यात, पंजे अंगाखाली ओढलेत, शेपूट गुंडाळलंय, श्वास भरभर चाललाय. हे रमणं नाही, भीतीने थिजणं आहे. घुर्रघुर्र सुद्धा फसवं असू शकतं, आजारी आणि घाबरलेली मांजरंही घुर्रघुर्र करतात. फिस्कारणं म्हणजे राग नव्हे. ‘जवळ येऊ नकोस’ एवढंच ते सांगतंय, आणि ते फिस्कारल्यावर आपण मागे सरलो की त्याला पुढची चाव्याची पायरी गाठावी लागत नाही. खरंच बरं वाटायला लागलं की अंग चाटून साफ करणं सुरू होतं, कुशीवर पाय ताणून झोप लागते, गोधडीवर पंजे मळले जातात. शेपूट उभं, टोकाला किंचित वाकलेलं, असं करून तुमच्याकडे चालत आलं की ओळखा, गाडी रुळावर आली.

आठवड्याभरात खेळ सुरू करा. काठीला दोरी आणि दोरीला पिसं किंवा चिंधी. लांबी किमान हातभर, म्हणजे पिल्लू तुमच्यापासून हवं तेवढं लांब राहून खेळू शकतं. चिंधी त्याच्या दिशेने नाही, त्याच्यापासून दूर पळवायची, कारण अंगावर येणारं सावज मांजराला कळतच नाही. पाच-दहा मिनिटं, जेवणाच्या आधी. शेवटी त्याला चिंधी पकडू द्या आणि लगेच खायला द्या. हाताची बोटं नाचवून खेळवू नका. आज गंमत वाटते, सहा महिन्यांनी त्याच सवयीने रक्त निघतं. खेळ संपला की दोरी कपाटात. गजऱ्याचा दोरा, राखी, मांजा, लोकर यांतलं काहीही गिळलं तर आतडी गोळा होतात आणि पोट उघडावं लागतं. पिल्लाच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तडक डॉक्टरकडे न्या.

डॉक्टरकडे तसंही पहिल्या दोन-तीन दिवसांत जायचंच आहे. त्याला न्यायची झाकणाची बास्केट आदल्या दिवसापासून खोलीतच उघडी ठेवा, आत गोधडी, थोडं खाद्य. जाताना वरून टॉवेल टाका, आणि दवाखान्यात बास्केट जमिनीवर न ठेवता मांडीवर किंवा बाकावर ठेवा, खाली कुत्री हुंगत येतात. जंताचं औषध लगेच, तिहेरी लस आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची लस साधारण तीन महिन्यांना. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या चपला त्या खोलीत नेऊ नका, कारण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू तळव्यांना चिकटून येतो आणि महिनोन् महिने टिकतो. बारा तास काही खाल्लं नाही, डोळे चिकटले, तोंड उघडून धापा टाकतंय, सुस्त पडलंय, यांतलं काहीही बुजरेपणात मोडत नाही. थांबू नका. आणि तुम्हाला चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांना भेटायचं, पिल्लू कितीही लहान असलं तरी.

खोलीत ते मोकळेपणाने फिरायला लागलं, तुमच्या पायाशी खाऊ लागलं, की दार उघडायचं. संध्याकाळी, पाहुणे नसताना, मिक्सर आणि कुकर आटोपल्यावर. एका वेळी एकच नवी खोली. वाटेत एक-दोन रिकामे खोके ठेवा म्हणजे मध्येच धास्ती वाटली तर थांबायला जागा असेल. ते चार पावलं येऊन परत आपल्या खोलीत पळालं तर ते बरोबरच वागतंय, त्याच्यामागे जाऊ नका आणि ती खोली कधीच बंद करू नका. कुकरच्या शिट्टीची सवय लावायची तर शिट्टी होताना त्याच्यापुढे खाऊ यायला हवा, आणि तोही दोन दारं ओलांडून येणाऱ्या आवाजाला. दिवाळी किंवा गणपती तोंडावर असतील आणि पिल्लाला वाट बघणं शक्य असेल तर सण उरकल्यावर आणा. आधीच आणलेलं असेल तर ढोलताशाच्या आणि फटाक्यांच्या दिवशी खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा चालू, आणि खोक्यावर जाड चादर.

घरात आधीच मोठी भाटी किंवा बोका असेल तर पहिले दहा-चौदा दिवस दोघांची गाठ घालायची नाही. रोगांसाठीही आणि स्वभावासाठीही. एका रुमालाने पिल्लाचे गाल पुसून तो मोठ्याच्या जेवणाजवळ ठेवा, मोठ्याचा रुमाल पिल्लाच्या. फिस्कारणं थांबलं की बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या बश्या, रोज थोड्या जवळ. मग दार चार बोटं उघडं, दाराला पाचर लावून, म्हणजे डोळे दिसतील पण कोणी पार जाणार नाही. दोघंही एकमेकांकडे बघत निवांत जेवू लागले की पाचर काढायची, आणि पहिले काही दिवस तुमच्या डोळ्यांदेखतच. जेवणाच्या दोन जागा, पाण्याच्या दोन, ट्रे तीन. मोठ्याने एकदा जरी पाठलाग केला तरी दार बंद करून पुन्हा रुमालापासून सुरुवात करा.